पडत्या काळाचा खर्च कुणाच्या खात्यात?

मानेसरच्या आजूबाजूच्या गोल्फ मैदानांवर एक निकाल फार झटपट लागतो. एखाद्या व्यावसायिक खेळाडूचे लागोपाठ चार-पाच कट हुकलेले असतात, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच तो स्पर्धेबाहेर पडलेला असतो. त्याच सुमारास त्याच्या बॅगेवरचं कंपनीचं नाव बदललेलं दिसतं. मग क्लबहाउसमध्ये चहा यायच्या आत निवाडा झालेला असतो: पैशाच्या मागे लागला, किट बदललं, खेळ घालवून बसला. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: अंगात खरी जिद्द असती तर हातात काहीही दिलं तरी खेळला असता. नोकरीसाठी गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत मी हे जितकं ऐकलंय, तितकंच पुण्यातही ऐकलंय. खेळावर लिहिणारे काही जण हेच जरा सभ्य भाषेत लिहितात.

मुळात ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी उभीच राहू शकत नाहीत. किट बदलल्याने खेळ बसत असेल, तर किटला महत्त्व आहे हे मान्य करावं लागेल, आणि मग 'काहीही दिलं तरी खेळला असता' या म्हणण्यात अर्थ उरत नाही. किट कुठलंही चालत असेल, तर ते बदलल्याचा दोष खेळाडूला कसा द्यायचा? दोन्ही एकदम बोलणाऱ्याला कारण शोधायचं नसतं, दोषी शोधायचा असतो. आणि दोषी नेहमी तोच सापडतो, जो त्या घडीला सगळ्यात एकटा आणि सगळ्यात तंगीत असतो. म्हणून या निवाड्याचा प्रतिवाद करायला हवा.

मानेसर म्हटलं की मारुती आणि होंडाचे कारखाने आठवतात, ते बरोबरच आहे. पण महामार्गाने थोडं पुढे जाऊन बिलासपूरहून तावडूच्या रस्त्याला वळलं की अरवलीच्या पायथ्याशी क्लासिक गोल्फ अँड कंट्री क्लब लागतो. जॅक निकलॉस यांनी आखलेलं २७ होलचं मैदान. मानेसरच्या अंगाला कर्मा लेकलँड्स आणि तरुधन व्हॅली अशी ९ होलची मैदानंही आहेत, आणि गुरुग्राममध्ये डीएलएफचं गॅरी प्लेअर यांनी आखलेलं मैदान, जिथे २०१७पासून अनेकदा इंडियन ओपन झाली. पीजीटीआय ही देशातली पुरुषांची व्यावसायिक टूर आणि महिलांची टूर, दोन्हींच्या स्पर्धा या भागात होत आल्या आहेत. म्हणजे देशातला व्यावसायिक गोल्फर कधी ना कधी या रस्त्यावरून जातोच, बहुतेक वेळा स्वतःची बॅग स्वतःच गाडीच्या डिकीत टाकून.

आधी आरोपाचा पहिला भाग घेऊ: प्रायोजक बदलला की खेळ बसतो.

२०००च्या मे महिन्यात जर्मनीतल्या एका स्पर्धेत टायगर वूड्सने चेंडू बदलला. जुन्या कंपनीचा चेंडू सोडून नायकीचा घेतला. चेंडू ही बॅगेतली एकमेव वस्तू जी प्रत्येक फटक्याला लागते, त्यामुळे तो बदलणं म्हणजे सगळ्यात मोठी जोखीम. महिन्याभरात, जूनमध्ये, पेबल बीचवर तो यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकला, आणि पुढच्या वर्षीच्या मास्टर्सपर्यंत चारही मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, त्याच्याकडे होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा नवा प्रो व्ही-वन चेंडू आला आणि पहिल्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो उचलला. जिंकला कोण, तर बिली अँड्रेड. त्याचं ते वर्ष इतकं खराब गेलं होतं की टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, हातचं जाण्याच्या बेतात होतं. नव्या चेंडूने त्याचं कार्ड वाचलं.

मग लोक रोरी मॅकिलरॉयचं नाव घेतात. जानेवारी २०१३मध्ये तो मोठ्या करारावर नायकीकडे गेला, तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. अबू धाबीत पहिल्याच स्पर्धेत कट हुकला. मार्चमध्ये फ्लोरिडात होंडा क्लासिकची फेरी अर्धवट टाकून तो निघून गेला. वर्षभर 'पैशाने घात केला' हेच ऐकू येत होतं. पण २०१४मध्ये त्याच नायकीच्या किटने त्याने ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप पाठोपाठ जिंकल्या. २०१३चं खापर किटवर फोडणाऱ्यांनी २०१४चं श्रेयही त्याच किटला द्यायला हवं होतं. ते दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

जस्टिन रोझची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. जानेवारी २०१९मध्ये तोही पहिल्या क्रमांकावर असताना होन्माकडे गेला आणि नव्या किटने दुसऱ्याच स्पर्धेत, टॉरी पाइन्सवर, जिंकला. नंतर घसरला, २०२०मध्ये करार मोडून बाहेर पडला, आणि पुढचा विजय मिळायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. लोकांच्या लक्षात घसरण राहिली, टॉरी पाइन्स पुसलं गेलं. करार संपल्यावरही जवळपास तीन वर्षं जिंकायला लागली, हेही कुणी धरत नाही. किट हेच कारण असतं, तर किट सोडल्यावर खेळ लगेच सुधारायला हवा होता.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण, कारण ते टाळून प्रतिवाद करणं अप्रामाणिक ठरेल. पेन स्ट्यूअर्ट. १९९३मध्ये कमाईच्या यादीत सहावा. १९९४पासून स्पाल्डिंगशी मोठा करार. आयुष्यभर पातळ, घडीव ब्लेड वापरलेल्या माणसाच्या हातात मागून पोकळ, चुका झाकणारे आयर्न आले, आणि त्या वर्षी तो १२३व्या क्रमांकावर गेला. इथे किटने खेळ बिघडवला हे मला मान्य आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? कंपनीला नवं मॉडेल विकायचं होतं आणि करारात ते मॉडेल वापरणं बंधनकारक होतं. मधल्या रांगेतल्या ग्राहकासाठी बनवलेला माल जगातल्या सर्वोत्तम हातांत दिला गेला. हा दोष कराराच्या रचनेचा. आणि लोभाची कथा सांगणारे हे सांगत नाहीत की १९९५मध्ये ह्यूस्टनला तो जिंकलाही होता, तो करार चालू असतानाच.

किट बदलणं म्हणजे नेमकं काय बदलतं, हे न समजता लोक बोलतात. जवळून बघा. सँड वेज उलटी धरली की तिच्या तळाला एक फुगवटा दिसतो, त्याला बाउन्स म्हणतात. तो ४ ते ६ अंशांचा असेल तर कडक, कोरड्या जमिनीवर पुढची धार चेंडूखाली सहज शिरते. १०च्या वर असेल तर मऊ मातीत आणि भुसभुशीत वाळूत ती रुतत नाही. दिल्लीकडे डिसेंबर-जानेवारीत बर्म्युडा गवत झोपी जातं, पिवळं पडतं, खालची माती दगडासारखी होते. त्या जमिनीवर जास्त बाउन्सची वेज आपटून उसळते आणि धार चेंडूच्या पोटावर बसते. पन्नास फुटांवरचा साधा चिप ग्रीनच्या पलीकडे जातो. तीच वेज ऑगस्टच्या ओल्या मैदानावर उत्तम चालते. एका कंपनीच्या तळाची घडण दुसरीकडे तशीच मिळत नाही, अंशांचा आकडा जुळला तरी धार पाठीमागे कशी घासली आहे ते जुळत नाही. खेळाडूच्या मनगटाने वर्षानुवर्षं एका घडणीशी जमवून घेतलेलं असतं.

तसंच लाय अँगलचं, म्हणजे क्लबच्या दांड्याच्या जमिनीशी होणाऱ्या कोनाचं. क्लब जरा जास्त उभा असला, तर आघाताच्या वेळी त्याचं टोक हवेत राहतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघतो. एखाद्या अंशाचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. खेळाडूला दिसतो तो डावीकडे गेलेला चेंडू. तो साहजिकच स्विंगमध्ये दुरुस्ती करतो. दोन महिन्यांनी कुणीतरी क्लब वाकवून बरोबर करून देतो, पण तोवर चुकीची दुरुस्ती अंगात भिनलेली असते. चेंडू आणि क्लबचा स्पर्श असतो साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्यात विचार करून काही होत नाही, जे होतं ते सवयीने. घसरगुंडी बहुतेक वेळा अशी सुरू होते. तिथे लोभ नसतो, मनाचा कमकुवतपणाही नसतो.

बरं, करार बहुधा जानेवारीपासून लागू होतात. एनसीआरमध्ये जानेवारीत सकाळी धुक्यामुळे टी-ऑफ लांबतो, हवा जड असते, चेंडू कमी जातो. त्या हवेत मोजलेली अंतरं मे महिन्याच्या उन्हात खोटी ठरतात. नवं किट नीट बसवायला जो निवांत, उबदार काळ लागतो, तो आपल्याकडच्या खेळाडूला कॅलेंडरच देत नाही.

आयएमटी मानेसरमध्ये, किंवा आपल्या चाकण-भोसरीत, प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागू नये. डाय बदलल्यावर पहिला पीस कुणी थेट लाइनवर पाठवत नाही. सेटर शिम सरकवतो, दाब बघतो, पीस गेजवर चढवतो, क्वालिटीवाला तपासून सही करतो, मग उत्पादन सुरू होतं. तो वेळ 'सेटिंग' म्हणून हिशोबात आधीच धरलेला असतो. त्या वेळेत निघालेल्या खराब पीसांवरून सेटरच्या चारित्र्याचं मोजमाप होत नाही. गोल्फरच्या चौदा क्लबांना मात्र ही सवलत नाही. करारावर सही झाली की पुढच्याच गुरुवारी स्कोअर मागितला जातो.

आता जिद्दीकडे वळू. इथे मला जास्त राग येतो, कारण इथे कौतुकाच्या आडून अन्याय होतो.

जीव मिल्खा सिंग १९९९नंतर सात वर्षं मोठ्या टूरवर जिंकला नाही आणि २००६मध्ये चायना ओपन व वॉल्डरामाची वोल्वो मास्टर्स जिंकून परतला. शिव कपूरने डिसेंबर २००५मध्ये वोल्वो मास्टर्स ऑफ एशिया जिंकली, आणि एशियन टूरवरचा त्याचा पुढचा विजय आला एप्रिल २०१७मध्ये. त्या एका वर्षात तो तीनदा जिंकला, त्यातली एक स्पर्धा दिल्लीत, घरच्या मैदानावर. अर्जुन अटवालने दोन्ही खांद्यांच्या दुखापतीनंतर अमेरिकेतलं कार्ड गमावलं, ऑगस्ट २०१०मध्ये सोमवारची पात्रता फेरी खेळून विंडम चॅम्पियनशिपमध्ये प्रवेश मिळवला आणि ती जिंकली. पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. सोमवारी पात्र ठरून रविवारी जिंकणारा खेळाडू त्या टूरने १९८६नंतर पहिल्यांदाच पाहिला.

या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या सांगताना माझंही मन भरून येतं. पण त्या कशासाठी सांगितल्या जातात बघा. 'ते टिकले, मग तू का टिकत नाहीस?' असं विचारण्यासाठी. अटवालला अमेरिकेत दुखापतीनंतर ठरावीक स्पर्धा खेळण्याची मुदत मिळाली होती, तसा तिथे नियम आहे. ती संपल्यावरही सोमवारची पात्रता फेरी हा उघडा दरवाजा होता. जीवला जपानच्या टूरवर खेळायला आणि कमवायला मिळत होतं. जिद्द त्यांच्याकडे होतीच, पण जिद्दीखाली जमीनही होती. ज्यांच्याखाली ती नव्हती ते कुठे आहेत? कुणी ड्रायव्हिंग रेंजवर तासाच्या हिशोबाने शिकवतो आहे, कुणी प्रो-शॉपमध्ये ग्रिप बदलून देतो आहे, कुणी गावी परतला आहे. त्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही. परत आलेल्यांचीच गोष्ट सांगितली जाते, म्हणून चिकाटीने सगळं होतं असा समज पसरतो.

मुकेश कुमारचं नाव तर फारच चुकीच्या जागी वापरलं जातं. महूचा हा खेळाडू डिसेंबर २०१६मध्ये, ५१व्या वर्षी, दिल्ली गोल्फ क्लबवर पॅनासॉनिक ओपन जिंकला. एशियन टूरवरचा त्याचा पहिला विजय. 'बघा, एक्कावन्नाव्या वर्षीही हार मानली नाही!' अरे, पण तो हरत कुठे होता? देशातल्या शंभराहून जास्त स्पर्धा त्याने जिंकलेल्या होत्या. त्याला उशीर झाला तो देशाबाहेर खेळण्याची संधी आणि साधनं उशिरा मिळाली म्हणून. व्यवस्थेने लावलेला उशीर आपण त्याच्या चिकाटीच्या खात्यात जमा करून मोकळे झालो.

आपल्या उदयन मानेचंही तसंच. २०२०च्या फेब्रुवारीत त्याने हैदराबादला गोलकोंडा मास्टर्स जिंकली, हात सुरेख चालला होता. मार्चमध्ये करोनामुळे देशातली टूरच बंद पडली आणि नोव्हेंबरपर्यंत सुरू झाली नाही. पुढच्या जुलैत अर्जेंटिनाच्या ग्रिलोने माघार घेतल्यावर पुण्याचा हा खेळाडू ऐन वेळी टोकियो ऑलिंपिकला गेला आणि ६० जणांत ५६वा आला. त्या ५६व्या क्रमांकावरून त्याच्या मनोधैर्याबद्दल बोलणाऱ्यांनी मधले ते बंद महिने मोजले होते का? लय आलेल्या खेळाडूची टूर बंद पडते तेव्हा त्याच्या हातात काय उरतं?

पुण्यातच जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५च्या इंडियन ओपननंतर वर्षानुवर्षं जिंकला नाही. स्विंग हरवला असं सगळे म्हणत होते. २०२०मध्ये तो भारतात अडकला, जुने प्रशिक्षक विजय दिवेचा यांच्याबरोबर शांतपणे काम करायला त्याला वेळ मिळाला, आणि मार्च २०२२मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो कॅमरन स्मिथच्या मागे एका फटक्याने दुसरा आला. योग्य माणूस आणि पुरेसा वेळ या दोन गोष्टी मिळाल्या. दोन्हींना पैसे लागतात.

झज्जरची दीक्षा डागर मानेसरपासून फार लांबची नाही. जन्मापासून ऐकू येण्यात अडचण, डावखुरी, मार्च २०१९मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली. दुसरा विजय जून २०२३मध्ये, चेक प्रजासत्ताकात. मधली चार वर्षं तिचे वडील कर्नल नरिंदर डागर प्रशिक्षकही होते आणि अनेकदा बॅग उचलणारे कॅडीही. प्रशिक्षकाचा आणि कॅडीचा तो खर्च एका कुटुंबाने माणूसबळ लावून भरून काढला. प्रत्येक घरात लष्करातून आलेले, गोल्फ जाणणारे वडील नसतात.

हा खर्च म्हणजे काय, ते स्पष्ट सांगायला हवं. आपल्या टूरवर पहिल्या दोन फेऱ्यांनंतर वरचे पन्नास आणि बरोबरीतले पुढे जातात. बाकीच्यांना बक्षिसाचा रुपया मिळत नाही. प्रवेशशुल्क भरलेलं असतं. कॅडीला पैसे द्यायचे असतात, तो पोटासाठी आलेला असतो. हॉटेल, प्रवास, सरावाचे चेंडू, सरावाच्या मैदानाचं शुल्क. किट जवळजवळ सगळं परदेशातून येणारं, त्यावर शुल्क आणि कर. ज्याला करार नाही त्याला वेजच्या धारा झिजल्या तरी आणखी एक मोसम त्याच वेजने काढावा लागतो, आणि झिजलेल्या धारांनी चेंडू ग्रीनवर थांबत नाही. कट हुकतो. मग आणखी एक हुकतो. यात 'जिद्द' हा शब्द कुठे बसवायचा, ते बसवणाऱ्यांनी सांगावं.

भारतातल्या बहुसंख्य व्यावसायिक गोल्फरांकडे नाव घेण्यासारखा करारच नसतो. ज्याला मिळतो त्याला बहुधा थोडी रक्कम आणि किट मिळतं, वर्षभरापुरतं. अशा खेळाडूने एक कंपनी सोडून दुसरीची बॅग उचलली, तर तो मॅकिलरॉयसारखा कोट्यवधींचा सौदा नसतो. दुसरी कंपनी वेज बदलून द्यायला आणि तीन स्पर्धांचं विमानभाडं द्यायला तयार झाली, इतकंच असतं. त्याला पैशामागे लागला म्हणणं मला सहन होत नाही.

काही जण ब्रूक्स केपकाकडे बोट दाखवतात. २०१६मध्ये नायकीने क्लब बनवणं बंद केल्यावर त्याने किटचा करारच केला नाही, आवडतील ते क्लब निवडले आणि २०१७ ते २०१९मध्ये चार मेजर जिंकल्या. 'करार नको, स्वातंत्र्य हवं!' ठीक आहे. पण ते स्वातंत्र्य त्याला परवडत होतं, कारण बक्षिसांतून आणि बाकीच्या जाहिरातींतून येणारं उत्पन्न प्रचंड होतं. करार नसलेला आपला खेळाडूही स्वतंत्रच असतो. फक्त त्याचं स्वातंत्र्य जुन्या ग्रिपवर नवी टेप गुंडाळण्यापुरतं असतं.

'गोल्फ श्रीमंतांचा खेळ, त्यांच्या पडत्या काळाची चिंता आपण कशाला करायची?' हा शेवटचा आक्षेप मराठी वाचकाकडून हमखास येतो, आणि तो मी गांभीर्याने घेतो. मैदानं श्रीमंतांची आहेत, हे खरं. व्यावसायिक खेळाडू तसे नाहीत. १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनची निगा राखायचे, मुलगा तिथेच बॅगा उचलत शिकला. इंडियन ओपनमध्ये तो चार वेळा दुसरा आला, २०१५मध्ये लाहिरीकडून प्लेऑफमध्ये हरला, मग २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा जिंकला, दुसऱ्यांदा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर. ज्या खेळात बॅग उचलणारा मुलगा राष्ट्रीय विजेता होतो, त्या खेळातला पडता काळ हा कामगाराच्या घरातला पडता काळ असतो. युनियन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही.

मग करता काय येईल, याचं उत्तर मानेसरच्या दारातच आहे. महामार्गावर मानेसरच्या एका बाजूला गुरुग्राम, दुसऱ्या बाजूला धारूहेडा, आणि दोन्हीकडे हिरो मोटोकॉर्पचे कारखाने. २००५पासून ही कंपनी इंडियन ओपनच्या मागे उभी आहे, भारतीय खेळाडूंनाही तिने पाठबळ दिलं आहे. डिसेंबर २०१४मध्ये हिरोने टायगर वूड्सशी चार वर्षांचा करार केला. त्यानंतरची वर्षं वूड्सच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट ठरली. २०१५मध्ये तो कट हुकत राहिला. २०१६चं जवळपास सगळं वर्ष तो खेळलाच नाही, आणि त्याच ऑगस्टमध्ये नायकीने क्लब बनवणं थांबवलं, म्हणजे हातातलं किटही गेलं. डिसेंबरमध्ये तो परतला तो हिरोच्याच बहामातल्या स्पर्धेत. जानेवारी २०१७मध्ये त्याने टेलरमेडशी करार केला, एप्रिलमध्ये पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच्या पुनरागमनाबद्दल जगाने आशा सोडली होती. २०१८मध्ये हिरोने करार वाढवला. त्याच सप्टेंबरमध्ये तो टूर चॅम्पियनशिप जिंकला आणि एप्रिल २०१९मध्ये, टेलरमेडच्या क्लबांनी आणि ब्रिजस्टोनच्या चेंडूने, मास्टर्स. पटर तेवढा जुनाच होता.

आपला वाद ज्या गोष्टींवर आहे त्या सगळ्या इथे एकत्र आहेत: पडता काळ, किटचा बदल, चिकाटी. आणि लोक जी वगळतात तीही आहे: या काळात धारूहेड्याला दुचाकी बनवणारी एक भारतीय कंपनी पैसे देत राहिली. तिला वाट बघत थांबता आलं. जगातल्या सर्वात महागड्या खेळाडूसाठी थांबता येतं, तर तावडूच्या मैदानावर कॅडीगिरी करून टूरवर आलेल्या पोरासाठी थांबणं या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीला अवघड नाही. रक्कम कितीतरी लहान आहे.

माझी मागणी नेमकी आहे. करार एक वर्षाचा नको, तीन वर्षांचा हवा. त्यातली मूळ रक्कम कट हुकले म्हणून कापली जाऊ नये, जिंकल्यावर हवा तर बोनस द्यावा. किट पुरवणाऱ्या कंपनीने चौदाच्या चौदा क्लबांचा आग्रह सोडावा. पटर आणि वेज खेळाडूच्या मर्जीवर ठेवावेत, जसं रिकी फाउलरच्या बाबतीत झालं. करार एका कंपनीशी आणि पटर दुसऱ्या कंपनीचा, आणि २०२३मध्ये चार वर्षांचा दुष्काळ संपला. करार लागू झाल्यावर पहिले तीन महिने बसवणुकीचे धरावेत, त्यात लॉफ्ट-लाय तपासणी आणि शाफ्टची निवड कंपनीच्या खर्चाने व्हावी, आणि करारांची सुरुवात जानेवारीच्या धुक्यात न करता टूरच्या मधल्या सुट्टीत करावी. दुखापतीत करार गोठावा, तुटू नये. पीजीटीआय आणि महिलांची टूर या दोन्ही संस्थांनी असा नमुना करार पुढच्या मोसमाआधी छापून तयार ठेवावा, आणि तो घेऊन पहिली भेट मानेसरच्या उद्योजकांच्या संघटनांची घ्यावी. तिथल्या माणसांना सेटिंगचा वेळ म्हणजे काय ते रोजच्या कामातून माहीत आहे.